एकट्यानं काय होते भाऊ? वर्ध्याचं ऊन, विजेचं बिल आणि हवामानबदलाचा वाद

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलण्यातले अडखळणारे शब्द काढले आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी.)

मागच्या भागात आपण नवतपा आणि उन्हाळ्याबद्दल बोललो होतो. त्यानंतर बरेच मेसेज आले. त्यातले दोन आज सोबत घेऊन बसलोय, कारण दोन्ही एकाच दिवशी आले आणि दोन्ही एकमेकांच्या बरोब्बर उलट आहेत.

पहिला हिंगणघाटच्या एका काकांचा व्हॉइस मेसेज. ते म्हणतात, "तुमी सांगता लाईट बंद करा, झाडं लावा. तिकडं चंद्रपूरले रोज मालगाड्या भरभरून कोळसा जळून राह्यला. माह्या घरचा एक बल्ब बंद करून काय होते भाऊ?" दुसरा वर्ध्यात शिकणाऱ्या एका मुलीचा. तिचं म्हणणं, लोक स्वतः काडीचीही सवय बदलत नाहीत, दोन गल्ल्यांवरच्या दुकानात गाडीवर जातात, आणि मग सरकार न् कंपन्यांच्या नावानं बोटं मोडतात.

आता गंमत अशी की हाच वाद जगभर चालू आहे. मोठमोठ्या परिषदांत, टीव्हीवर, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत. एक बाजू म्हणते माणसानं बदललं पाहिजे, दुसरी म्हणते व्यवस्था बदलली पाहिजे. मला दोघांचंही अर्धं पटतं. उरलेलं अर्धं का पटत नाही ते आज सांगायचा प्रयत्न करतो. त्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. कागद-पेन घेतलं तर उत्तम, नाहीतर ऐकत राहा, म्हणजे वाचत राहा.

त्याआधी एक गोष्ट पटकन. "ऊन काय, आधीपण तापायचंच की" हे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीवर हमखास येतं. खरंय. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४६ च्या वर जाणं ही काही नवी बातमी नाही. विदर्भ समुद्रापासून लांब, जमीन काळी, आकाश कोरडं, त्यामुळे आपण पहिल्यापासून तापतोच. पण एखादा दिवस किती तापला हा मुद्दाच नाही. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात साधारण ०.७ अंशानं वाढलं, असं केंद्र सरकारच्याच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. ०.७ ऐकायला किरकोळ वाटतं. पण सरासरी सरकली की टोकाचे दिवस जास्त वेळा येतात.

आणि आपल्यासाठी उन्हाइतकीच महत्त्वाची गोष्ट पावसाची आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात, म्हणजे ज्यात आपण येतो त्या पट्ट्यात, मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, असं त्यात दिसलं. त्याच वेळी मोसमातला एकूण पाऊस मात्र घटत होता. का? हवा एका अंशानं तापली की ती जवळजवळ ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. अरबी समुद्र तापतोय, तिथून येणारं वारं बाष्प साठवून ठेवतं आणि मग एकदाच ओततं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वीस दिवस खंड आणि मग दोन दिवसांत वावराचं तळं. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट-समुद्रपूरकडं काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे आकडे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

तर बदल होतोय. आता काकांच्या बल्बकडे येऊ.

आपल्या घराचा हिशेब

चार माणसांचं एक घर धरू. वर्धा, देवळी, पुलगाव, कुठलंही. पंखे, फ्रिज, टीव्ही, उन्हाळ्यात कूलर. वर्षभराची सरासरी काढली तर महिन्याला १५० युनिट वीज. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. म्हणजे महिन्याला १०५ किलो, वर्षाला सव्वा टनाच्या आसपास.

मग गॅस. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचं. एक किलो गॅस जाळला की जवळपास ३ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाला ८ सिलिंडर धरले तर ३४० किलो. मग गाडी. महिन्याला २० लिटर पेट्रोल, एका लिटरमागे २.३ किलो, वर्षाचे साडेपाचशे किलो.

एकूण झाले दोन टनांच्या थोडे वर. भागिले चार माणसं. प्रत्येकी अर्धा टन.

आता हा अर्धा टन बाजूला ठेवा आणि हे ऐका. भारतात दर माणशी सरासरी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे, अमेरिकेची चौदाच्या आसपास. मग आपल्या दोन टनांतला उरलेला दीड टन कुठे गेला? तो सिमेंटमध्ये आहे, लोखंडात आहे, ट्रकच्या डिझेलमध्ये आहे, कारखान्यांच्या विजेत आहे, रस्त्यांत आणि पुलांत आहे. थोडा अर्थातच आपल्यापेक्षा बरंच जास्त जाळणाऱ्या लोकांच्या नावावर आहे. सरासरीत सगळे एकत्र मोजले जातात, पण एका माणसाच्या एका अमेरिकावारीत दोन टनांहून जास्त जातो. म्हणजे आपल्या या चार जणांच्या घराचं अख्खं वर्ष एका माणसाच्या एका विमानप्रवासात.

तर काकांचा मुद्दा इथं पक्का बसतो. तुम्ही घरात काहीही करा, अगदी अंधारात बसा, तुमच्या वाट्याचा मोठा भाग तुमच्या स्विचवर नाहीच.

पण घरातल्या घरात सगळ्या गोष्टी सारख्याही नाहीत, आणि इथं मला आपल्या प्रचारावर थोडा राग आहे. चार्जर सॉकेटमधून काढा, एक दिवा मालवा, या गोष्टी पोस्टरवर छान दिसतात. पण नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास वाचवला तर वर्षाला १६ युनिट. दुसरीकडे कूलर आणि एसी बघा. साधा कूलर तासाला ०.२ युनिट खातो. रात्रीचे आठ तास, तीन महिने, १४४ युनिट. दीड टनाचा एसी तेवढेच तास चालवला तर ७००-८०० युनिट सहज. हा एकच निर्णय ३५-४० बल्बांच्या बरोबरीचा. विदर्भात मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून कूलर इतका चांगला चालतो. मुंबईच्या दमट हवेत तो चालत नाही. आपल्याकडे निसर्गानं ही सूट दिलेली आहे. (कूलर पाणी पितो, हेही खरं. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो तिथं हा हिशेब वेगळा.)

प्रवासाचं तसंच. ५० चं अ‍ॅव्हरेज देणारी बाइक किलोमीटरला ४६ ग्रॅम सोडते. एकट्यानं चालवलेली पेट्रोल कार दीडशे. एसटी साधारण ६०० ग्रॅम, पण तिच्यात ४० माणसं बसली तर डोक्यामागे १५ ग्रॅम. आणि तीच एसटी दहा माणसं घेऊन धावली तर? साठ. म्हणजे बाइकपेक्षाही जास्त! एसटी चांगली की वाईट हे ती किती भरते यावर ठरतं, आणि ती भरते कधी, तर वेळेवर येते तेव्हा. वर्धा-नागपूर अपडाऊन करणाऱ्यांना विचारा. पॅसेंजरची वेळ बदलली की किती जण गाडीवर येतात. इथं तुमची इच्छा आणि डेपोचं वेळापत्रक एकमेकांत अडकलेले आहेत. हा धागा धरून ठेवा, पुढं लागेल.

एकच टन, दोन वह्यांत

आता त्या मोठ्या वादाकडे. "कार्बन फूटप्रिंट" हा शब्द तुम्ही ऐकला असेल. माझा फूटप्रिंट किती, तुझा किती. हा शब्द घराघरांत पोहोचवला कोणी? २००४ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम, म्हणजे बीपी या तेल कंपनीनं मोठी जाहिरात मोहीम चालवली आणि लोकांना आपला फूटप्रिंट मोजायला कॅलक्युलेटर दिला. तेल काढून विकणाऱ्या कंपनीनं गिऱ्हाइकाला विचारायचं, बाबा रे, तू किती जाळतोस? दारूच्या दुकानदारानं व्यसनमुक्तीची वही वाटावी तसला प्रकार. त्यामुळे बरेच पर्यावरणवाले आता म्हणतात की वैयक्तिक जबाबदारीची भाषा हाच एक सापळा आहे.

त्यांच्या बाजूचा आवडता आकडा म्हणजे ७१ टक्के. २०१७ मध्ये एक अहवाल आला. १९८८ पासून जगात जेवढे औद्योगिक हरितगृह वायू सोडले गेले, त्यातले ७१ टक्के फक्त १०० उत्पादकांशी जोडलेले आहेत, असं त्यात होतं. हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता "१०० कंपन्याच ७१ टक्के प्रदूषण करतात" असा झाला. आणि इथं घोळ आहे.

त्या यादीत आपली कोल इंडियाही आहे. तिची नागपुरात मुख्यालय असलेली कंपनी म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स. चंद्रपूर-वणीच्या खाणींतून निघालेला कोळसा औष्णिक केंद्रात जातो. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. तिथून तारांनी वीज येते आणि माझा पंखा फिरतो. आता त्या कोळशाचा धूर कोणाच्या नावावर लिहायचा? त्या अहवालात तो खाणवाल्याच्या नावावर लिहिला, कारण तो कोणीतरी पुढं जाळला तरी काढला त्यांनी. बीपीच्या कॅलक्युलेटरमध्ये तो माझ्या नावावर येतो, कारण पंखा माझा. एकच टन आहे. एक वही खाणीपासून सुरू होते, दुसरी पंख्यापासून.

म्हणजे "कंपन्या की माणूस" हा प्रश्न एकाच दोरीच्या दोन टोकांकडे बोट दाखवण्यासारखा आहे. मला वाटतं विचारायचं ते असं, की या दोरीवर माझा हात नेमका कुठे पोहोचतो? काही ठिकाणी तो पोहोचतच नाही. काही ठिकाणी एकट्याचा पोहोचत नाही पण दहा जणांचा पोहोचतो. आणि काही ठिकाणी तो आधीच तिथं आहे, आपल्याला माहीत नसतं.

मगनवाडीतला हिशेबनीस

हे सगळं वर्ध्यात बसून बोलताना एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जे. सी. कुमारप्पा. तंजावरचा माणूस, लंडनमध्ये हिशेबनीस झालेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे सचिव म्हणून मगनवाडीत राहायला आले. तिथलं मगन संग्रहालय १९३८ चं, आजही आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथून जाऊन आलोय, चरखे बघून बाहेर पडलोय. मीसुद्धा. तिथं बसून या माणसानं काय विचार केला होता ते कळायला मला पुढची वीस वर्षं लागली.

१९४५ च्या सुमारास, तुरुंगात असताना, त्यांनी "इकॉनॉमी ऑफ परमनन्स" हे पुस्तक लिहिलं. त्यातली एक कल्पना माझ्या शब्दांत सांगतो. निसर्गातलं धन दोन प्रकारचं. एक साठ्यातलं, जसा कोळसा, तेल, खनिजं. काढलं की तेवढं संपलं. दुसरं वाहतं, जसं ऊन, वारा, झाडाची वाढ, पिकाची वाढ. काढलं तरी मागून येत राहतं. साठ्यावर उभी अर्थव्यवस्था साठ्यासाठी भांडणं लावते, वाहत्यावर उभी टिकते. हवामानबदलाचा शब्दही तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. कुमारप्पांना काळजी युद्धाची होती, तापमानाची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यांना भविष्य दिसलं वगैरे म्हणणं बरोबर नाही. पण विभागणी तीच निघाली: आज सगळं जग साठ्याकडून वाहत्याकडे कसं जायचं यावरच चर्चा करतंय.

आणि त्यांनी घरच्या बायका धुरात बसू नयेत म्हणून चूल सुधारली, खायच्या तेलावर चालणारा मगनदीप केला. मोठा विचार आणि चुलीचा धूर, दोन्हीकडे एकाच वेळी बघणारा माणूस.

सेवाग्रामची बापू कुटी याच काळातली. माती, बांबू, वर कवेलू. मे महिन्यात दुपारी आत जा, बाहेरच्या स्लॅबच्या घरात आणि तिथं काय फरक आहे ते अंगाला कळतं. मात्र आपण सगळे मातीच्या घरात जाऊ असं मी म्हणणार नाही. ज्यांनी कवेलू फेरायला दर उन्हाळ्यात छपरावर चढून पाठ मोडली, त्यांनी स्लॅब टाकला यात त्यांचं काही चुकलं नाही. पण स्लॅबवर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारायला काय हरकत आहे? पांढरं छप्पर ऊन परतवतं, खालची खोली दोन-चार अंशांनी थंड राहू शकते. खर्च एका सिलिंडरच्या आसपास. अहमदाबाद शहरानं तर हे सरकारी योजनेतच घेतलं. तिथं मे २०१० च्या लाटेत खूप माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा झाला, आणि पुढं गरीब वस्त्यांची छपरं पांढरी केली गेली.

झाड लावणं आणि झाड असू देणं

सगळ्यात सोपा सल्ला म्हणजे झाड लावा. यावर थोडं कडू बोलतो.

एक झाड मोठं झाल्यावर वर्षाला ढोबळमानानं वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड घेतं. आपल्या त्या चार जणांच्या घराचे दोन टन भरून काढायला शंभराच्या वर मोठी झाडं लागतील, आणि ती मोठी व्हायला वर्षं लागतील. राज्य सरकारनं २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४, २०१८ ला १३ आणि २०१९ ला ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. फोटो सगळ्यांनी काढले. तुमच्या गावाबाहेरच्या त्या खड्ड्यांत आज किती झाडं उभी आहेत हे तुमचं तुम्ही जाऊन बघा.

आणि त्याच वेळी वर्धा-सेवाग्राम रस्ता. २०२० च्या पावसाळ्यात रुंदीकरणासाठी तिथली जुनी, डेरेदार झाडं तोडायला सुरुवात झाली. काम सेवाग्रामच्या विकासाचंच होतं, हे विशेष. वर्ध्यातली माणसं रस्त्यावर उतरली, निवेदनं गेली, देशभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि तेव्हा तोड थांबली. काही डझन झाडं तोवर गेली होती. त्या रस्त्यानं मे महिन्यात सायकलनं कॉलेजला जाणाऱ्या पोरीला विचारा, झाड कशासाठी असतं. ती कार्बन सांगणार नाही, सावली सांगेल. जुन्या झाडाखालचा रस्ता आणि उघडा डांबरी रस्ता यांत पायाला जो फरक कळतो, त्याला पन्नास वर्षं लागलेली असतात. रोपाला ते लगेच जमत नाही.

इथं हात कुठे पोहोचतो? नागरी भागात झाड तोडायचं असेल तर १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. तोडण्याआधी जाहीर नोटीस द्यावी लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानतात. झाडावर चिकटवलेला तो कागद बहुतेकांनी कधी थांबून वाचलेला नसतो. तो वाचणं आणि मुदतीत एका पानाचा अर्ज देणं, याला पैसे लागत नाहीत. शंभर रोपांच्या कार्यक्रमापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

तसंच जनसुनावणीचं. कोराडीला कोळशाचे आणखी दोन ६६० मेगावॅटचे संच बसवायचं ठरलं, तेव्हा मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. मोठ्या प्रकल्पाला अशी सुनावणी घ्यावी लागते आणि तिथं तुम्ही-मी जाऊन बोलू शकतो, लेखी देऊ शकतो. दरवेळी ऐकतातच असं नाही. पण नोंद होते, आणि कोर्टात गेलं तर तीच नोंद उपयोगी पडते. आता पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्गाची चर्चा आहे. शेकडो किलोमीटर काँक्रीट, शेतजमीन, झाडं. तुम्ही त्याच्या बाजूनं असा की विरोधात, तो मघाचा दीड टन असल्याच निर्णयांतून येतो.

काकडदऱ्याचं काय झालं

दहा जणांचा हात कसा पोहोचतो याचं उदाहरण लांब शोधायला नको. आर्वी तालुक्यातलं काकडदरा. कोलाम आदिवासींचं छोटंसं गाव, डोंगराळ, पाणी टिकत नव्हतं. २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत या गावानं राज्यात पहिला नंबर काढला, ५० लाखांचं बक्षीस. ४५ दिवसांची स्पर्धा, ८ एप्रिल ते २२ मे. म्हणजे वर्षातला सगळ्यात जीवघेणा काळ. लोकांनी पहाटे आणि रात्री कुदळ मारली, चर खोदले, बांध घातले.

आता यात कार्बन किती वाचला? फारसा नाही. पण खंड पडल्यावर विहिरीत पाणी असणं, आणि एकदम पाऊस कोसळल्यावर माती वाहून न जाणं, हे बदलत्या हवामानाला जुळवून घेणंच आहे. आणि हे एकट्याच्या वावरात होत नाही. माझ्या धुऱ्याच्या वरचं पाणी तुमच्या वावरातून येतं.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते. बहुतेक ठिकाणी सह्यांचं रजिस्टर फिरतं आणि चहा होतो. पण तिथं मागता येण्यासारख्या गोष्टी आता खऱ्या आहेत. सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळची जमीन भाड्यानं देऊन शेतीच्या फीडरला दिवसा सौर वीज मिळते. कोळसा कमी जळतो हा एक फायदा. दुसरा फायदा ज्याला कळतो त्यालाच कळतो: थंडीत रात्री दोनला ओलितासाठी वावरात जावं लागत नाही. अंधारात साप, विंचू, रानडुक्कर. दिवसा लाईन मिळणं हा आमच्या भागात जीवाचा प्रश्न आहे, आणि योगायोगानं तोच हवामानाचाही उपाय आहे.

घरावर पॅनल हवं असेल तर फेब्रुवारी २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तला ७८ हजार अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे वर्षाला जवळपास एक टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. आपल्या त्या घराचा निम्मा हिशेब एका किलोवॅटमध्ये मिटला. भाड्यानं राहणाऱ्याला हे जमत नाही, टिनाच्या छपरालाही अवघड, ते मान्य. पण कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या भागात पॅनल बसत जातात तिथं पुढची पॅनल अधिक लवकर बसतात. आपल्याकडे वेगळं कशाला असेल? शेजाऱ्याचं बिल बघितल्याशिवाय आपण कुठलीही वस्तू घेत नाही.

पऱ्हाटी आणि युरिया

शेतकरी मंडळींसाठी दोनच गोष्टी. पऱ्हाटी जाळू नका असं सगळे सांगतात. नीट समजून घ्या. पऱ्हाटी जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड त्या झाडानं त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो कोळशासारखा नव्यानं भर घालत नाही. नुकसान धुराचं आहे, आणि जमिनीत जाऊ शकणारं सेंद्रिय कर्ब जळून जातं त्याचं. पण म्हणून ती वावरात उभीही ठेवू नका. फरदड ठेवली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. वेळेवर उपटून श्रेडरनं बारीक करणं हा मधला मार्ग. श्रेडर एकट्याला परवडत नाही, गटानं घेता येतं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ पासून निवडक गावांत चालला, त्यात वर्धा जिल्हाही होता. तुमचं गाव कुठल्या योजनेत आहे ते कृषी सहायकाला विचारा.

दुसरं युरिया. ४५ किलोच्या गोणीत साधारण २० किलो नत्र असतं. त्यातला जेमतेम एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. पण तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७० पट तापवतो. हिशेब केला तर एका गोणीमागे ९० किलो. दोन सिलिंडर जाळल्यासारखं! आणि हे फक्त वावरातलं, कारखान्यातला गॅस वेगळा. सोयाबीन स्वतः नत्र धरतं, त्याला कपाशीइतका युरिया लागतच नाही. मोठ्या पावसाच्या तोंडावर टाकलेला युरिया नाल्यात जातो. इथं तुमचा पैसा आणि हवा, दोन्ही एकाच गोणीत आहेत.

आता हिंगणघाटच्या काकांना थेट. काका, तुमचा बल्ब बंद केल्यानं चंद्रपूरला फरक पडत नाही, तुमचं बरोबर आहे. पण तुमच्या मेसेजच्या शेवटी तुम्ही सांगितलं की घरी चार मजूर कामाला येतात. मे महिन्यात त्यांची वेळ सकाळी सहा ते अकरा करणं, वावरात सावलीची जागा आणि माठ ठेवणं, कोणी गरगरतंय म्हटलं की लगेच सावलीत आडवं करून अंगावर पाणी मारणं, बोलण्यात गोंधळ दिसला तर वाट न बघता दवाखान्यात नेणं, हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. मजुरी पूर्ण दिवसाची ठेवून, हे वेगळं सांगायला नको. कारण मजुरी कापली तर ते दुपारी दुसऱ्याच्या वावरात उभे राहतील.

आणि वर्ध्याच्या ताईला: दोन गल्ल्या चालत जा, जरूर. पण पुढच्या वेळी डेपोत एसटीच्या वेळेचा अर्ज द्यायला जाशील तेव्हा पाच मैत्रिणींच्या सह्या घेऊन जा. काय उत्तर मिळालं ते मला कळव, आपण त्यावर बोलू.

पुढच्या भागात विजेचं बिल घेऊन बसणार आहोत. त्यातला स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन म्हणजे काय, ओळीनं. तुमचं बिल जवळ ठेवा. प्रश्न पाठवत राहा, व्हॉइस मेसेज केलात तरी चालेल, फक्त कूलर बंद करून बोला, आवाज ऐकू येत नाही. भेटूया.